पाण्यातला पेच

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी उमेदीची काही वर्षं घालवली. त्या वर्षांतलं आज सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर झोप. म्हणजे न मिळालेली. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार अशा पाळ्या, त्याही आठवड्याला फिरणाऱ्या. जेवायची वेळ कोणती आणि अंघोळीची कोणती, हे माझ्या शरीराला कधीच नक्की कळलं नाही. बेलापूरपासून थोड्या अंतरावर कारखाना, कारखान्याला चिकटून कॉलनी, कॉलनीत दोन खोल्यांचं आमचं क्वार्टर, आणि क्वार्टरच्या खिडकीतून दिसणारं धुराडं. बायको लग्न होऊन आली तेव्हा खिडकी उघडून बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, की हे एवढंच आहे का. मी म्हणालो, सिझनमध्ये त्यातून धूरही येतो.

माझं काम रस सातवर ठेवण्याचं. उसाचा रस मुळात आंबटसर असतो. त्यात चुन्याची निवळी सोडायची, मग गंधकाचा धूर सोडायचा, आणि शेवटी तो ना आंबट ना खारा असा अगदी मध्यावर आणायचा. त्या मध्याला सात म्हणतात आणि या मापाला पी.एच. सातच्या खाली गेलं की साखर फुटते, म्हणजे दाणा धरत नाही, वर गेलं की रंग काळवंडतो, आणि दोन्हीकडे गेलं की साहेब येतात. आम्ही चिनी मातीच्या खळगेवाल्या तबकडीत रसाचा थेंब घ्यायचो आणि त्यावर एका औषधाचा थेंब टाकायचो. पिवळं झालं तर आंबट, निळं झालं तर चुना जास्त, हिरवं झालं की सात. मी चालत्या रसाचा नुसता वास घेऊन आकडा सांगतो अशी माझी लॅबमध्ये ख्याती होती. ती मीच पसरवली होती.

एवढा मोठा माणूस घरी काचेची एक पेटी सांभाळू शकणार नाही, असं कोणाला वाटेल?

पेटी आली ती बायकोच्या मागण्यावरून. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि तिनं आपणहून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. दिवाळीआधी आम्ही पुण्याला गेलो असताना एका दुकानात माशांची टाकी होती. त्यात दोन एंजल, म्हणजे पतंगाच्या आकाराचे चपटे मासे, काळ्या पट्ट्यांचे, कुठंही जायची घाई नसल्यासारखे उभे होते. ती त्यांच्यासमोर जी थांबली ती हलेना. मी परतीच्या एस.टी.ची वेळ सांगितली. ती म्हणाली, "यांना कुठं जायचंच नाहीये बघा." मग आम्ही दोन एंजल, सहा गप्पी आणि चार काळ्या मॉली प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन, पिशवी मांडीवर धरून, गावोगावचे धक्के खात परत आलो. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, की याची आमटी करतात की तळतात. बायकोनं पिशवीवर पदर घेतला.

कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या फिटरनं लोखंडी अँगलची चौकट करून दिली, काचा लांबी भरून बसवल्या. कालव्यातून पाणगवत आणलं, वाळू धुऊन घातली. दुकानदारानं एक इंग्रजी पत्रक दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, की ही कम्युनिटी टँक आहे, निरनिराळ्या जातीचे मासे आणि वनस्पती एकाच पाण्यात गुण्यागोविंदानं राहतात, मात्र पाण्याचा पी.एच. सातच्या आसपास असावा. हे वाक्य वाचून मला झालेला आनंद मी आजही विसरलो नाही. जगातल्या लाखो गोष्टींतून पत्रकानं नेमकी मला येणारी एकच गोष्ट मागितली होती.

आमच्या पाण्याचा थेंब तबकडीत टाकला. गर्द निळा. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी मचूळ, भांड्यावर पांढरे डाग पाडणारं, डाळ न शिजवणारं. मी लॅबमधून एका बाटलीत थोडं फॉस्फोरिक ॲसिड आणलं, चार थेंब टाकले, ढवळलं. हिरवं. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, मासे बरे आहेत ना. मी म्हणालो, मासे काय, आता इथं साखरसुद्धा होईल.

इथं माझ्या सासऱ्यांना आणणं भाग आहे. त्यांना मी मामा म्हणायचो. ते अकोले तालुक्याच्या डोंगरातले, भातशेती करणारे, भंडारदऱ्याच्या बाजूला त्यांचं गाव. महिन्या-दीड महिन्यानं लेकीला भेटायला यायचे. सकाळच्या गाडीनं यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे, कारण लेकीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत. ती रीत मामा डोळ्यांत तेल घालून पाळत. भाकरी फडक्यात बांधून आणायचे. पाणी आणायचे दोन फिरकीच्या तांब्यांत, आतून कल्हई केलेल्या, वर पेचाचं झाकण. आल्याबरोबर बायको त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवायची. ते पेल्याला दोन बोटं लावायचे, बाजूला सरकवायचे आणि आपल्या तांब्याचं झाकण फिरवायचे. ते झाकण फिरताना कुरकुर असा एक आवाज यायचा. तो मला काही वाटत नसे. तिला काय वाटत असे, हे मला तीन वर्षं कळलं नाही. कळलं ते एकदा ते गेल्यावर ती तो न प्यायलेला पेला ओतून घासत बसली होती तेव्हा. स्वच्छच होता पेला. ती बराच वेळ घासत होती. शेजारच्या वहिनी दारातून म्हणाल्या होत्या, "वडील अजून तांब्या घेऊनच येतात होय तुमचे?" एवढंच. पण कॉलनीत कोणाच्या घरी पाळणा हलला आणि कोणाच्या नाही, याची नोंद त्या दोन तांब्यांवरून होत होती, हे मला तेव्हा उमगलं.

तिनं एकदा वडलांना म्हणून पाहिलं होतं, की आबा, आता कोण मानतं हे, प्या की. ते हसून म्हणाले होते, नातू होऊ दे, मग पेलाच काय, घागर पिईन. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

तर टाकी मांडल्यावर मामा पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांना खुर्चीत बसवून सगळं दाखवलं. तबकडी, औषध, निळं, हिरवं. पी.एच. म्हणजे काय ते समजावलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी पान्यात पेच हाय."

मी म्हणालो, पेच नाही मामा, पी.एच.

"त्येच. पेच. आन तो तुमी सोडवता."

पुढं मी उत्साहाच्या भरात त्यांच्या तांब्यातल्या पाण्याचा थेंब घेतला. पिवळसर हिरवं झालं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी ते, मऊ, किंचित आंबटाकडे झुकणारं. मी म्हणालो, मामा, हे पाणी आमच्या कारखान्यात पास झालं नसतं. ते तांब्याचं झाकण लावत म्हणाले, इतकी वर्षं पितोय, कोणी परीक्षा घेतली नव्हती. बायको आतून म्हणाली, "अहो, पुरे."

जाताना त्यांनी टाकीकडे पाहिलं आणि विचारलं, की रोज हात घालता का यात. मी अभिमानानं सांगितलं, की पाळी संपली की आधी टाकी, मग जेवण. पुढच्या वेळी येताना त्यांच्या ओढ्यातलं फितीसारख्या लांब पानांचं गवत ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले आणि लेकीच्या हातात दिलं. माझ्या नाही.

आता माझी पद्धत सांगतो. पाळी संपवून घरी आलो की डोळे मिटत असतानाही मी थेंब घ्यायचो. आकडा सातच्या वर असला तर ॲसिड, खाली असला तर चुन्याची निवळी. दोन्ही बाटल्या टाकीशेजारी ठेवल्या होत्या. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि काय टाकलं ते लिहायचो. लॅबमध्येही हेच करतो आणि तिथं साखर होते. फरक एवढाच, की रस पुढं निघून जातो. एकदा सात झाला की तो टाकीतून टाकीत गेला, त्याचं पुढं काय होतं याच्याशी आपला संबंध नाही. इथलं पाणी मात्र तिथंच होतं, आणि काल टाकलेलं सगळं त्यात होतं. पण हे कळायला माणूस जागा असावा लागतो.

शिवाय पाण्यानं माझी गंमत मांडली होती. रात्रपाळी करून सकाळी यावं तर आकडा खाली. टाक चुना. दिवसपाळी करून संध्याकाळी यावं तर वर. टाक ॲसिड. मला वाटायचं, मी नसताना कोणीतरी पाण्यात काही टाकतंय. एकदा मी बायकोला तसं विचारलंही. ती म्हणाली, मी फक्त खायला टाकते, तेही चिमूटभर, तुमच्यासारखं बाटलीनं नाही.

पाणी हळूहळू पोपटी व्हायला लागलं. फॉस्फोरिक ॲसिड म्हणजे झाडांना खतच, हे मला ठाऊक असायला हरकत नव्हती. आमच्या कारखान्याच्या खताच्या गोदामात पोत्यांवर लिहिलेलं असायचं. पानांवर शेवाळ आलं, काचेवर चुन्याचं पांढरं पूट आलं. मग एक गप्पी वर तरंगताना मिळाला. मग दोन. मॉल्या एका आठवड्यात चारही गेल्या. बायको त्यांना कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरायची. मी वहीत लाल पेन्सिलीनं खूण करायचो आणि ठरवायचो, की आता जास्त काटेकोर राहिलं पाहिजे.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. कालव्याला पाणी नाही, ऊस वाळलेला. कारखाना फेब्रुवारीतच बंद पडला. धुराडं थंड. बायको खिडकीतून बघून म्हणाली, आता धूरही येत नाही. रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडणारी माणसं, बायका, डोक्यावर फडकी. कॉलनीला टँकरचं पाणी, क्वार्टरला दोन हंडे, तेही टँकर आला तर. अशा दिवसांत घरात माशांची टाकी असणं म्हणजे काय, हे आजूबाजूचे लोक काही न बोलता सांगायचे. हंडा उचलून नेताना आमच्या खिडकीपाशी पाय किंचित थांबायचे. मी पडदा लावला.

सिझन बंद म्हणजे मला काम नाही. चोवीस तास घरी, आणि पाणी पळून जाऊ शकत नाही. माझ्यासारख्या माणसाला याहून वाईट दिवस नाहीत. दर दोन तासांनी थेंब. टाकीचं पाणी उन्हानं आटत होतं, त्यात टँकरचं मचूळ पाणी वरून घालायचं, म्हणजे मीठ वाढत गेलं आणि आकडा निळ्यातून खाली यायलाच तयार नाही.

एके दुपारी बायको माझी वही चाळत बसली होती. तिला मॅट्रिकला गणितात चांगले मार्क होते. तिनं बोट ठेवून वाचत वाचत पान उलटलं, परत मागं आली, आणि म्हणाली, "तुम्ही वेळेचा रकाना कधी वाचलात का हो?"

मी म्हणालो, लिहितो ना.

"लिहिता. सकाळचे सगळे आकडे खाली आहेत आणि संध्याकाळचे सगळे वर. एकही दिवस चुकलेला नाही. ऊन असलं की चढतंय, नसलं की उतरतंय. ते गवत करतंय हे. तुम्ही मध्येच दोन्ही वेळा त्याचं उलटं करताय."

मी वही घेतली. पाच महिन्यांची वही. तिचं बरोबर होतं. झाडं उन्हात पाण्यातला वायू घेतात, आकडा चढतो. अंधारात सोडतात, आकडा उतरतो. पाणी चांगलं श्वास घेत होतं, आणि मी सकाळी त्याचा श्वास ओढून धरत होतो, संध्याकाळी कोंबत होतो. एम.एस्सी.ला अर्ज केलेल्या माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं. अर्ज पुढं नामंजूर झाला, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा.

"आठ दिवस काही करू नका," ती म्हणाली. "एवढं एक करा."

मी कबूल केलं. आणि चार दिवस खरोखर काही केलं नाही. पाचव्या दिवशी मी फक्त एक थेंब बघायचं ठरवलं.

तेव्हा टाकीत पाणी अर्ध्याच्याही खाली आलेलं, गप्पीही सगळे संपलेले, मासे उरलेले दोनच, तिचे दोन एंजल. थेंब निळा. मला सहन होईना. बाटलीत उरलेलं ॲसिड होतं, ते सगळं टाकलं. पाणी कमी होतं हे विसरून मी पूर्वीच्या भरल्या टाकीचा हिशोब धरला होता. थेंब पिवळा, लिंबासारखा पिवळा. चुन्याची निवळी संपलेली, लॅबला कुलूप, स्टोअरला कुलूप. मग माझ्या डोक्यात असा विचार आला जो साखर कारखान्यातल्या केमिस्टखेरीज कोणाच्या डोक्यात येणार नाही. शेजारच्या वहिनी पान खायच्या. मी त्यांच्याकडे जाऊन चुन्याची डबी मागून आणली. कारखान्यातली निवळी म्हणजे पातळ पाणी, ती मापानं घालायची सवय. डबीतला चुना म्हणजे लोणी. मी त्यातलं सुपारीएवढं पेल्यात कालवलं आणि ओतलं.

बायको टँकरच्या रांगेत गेली होती. आली तेव्हा हंडा रिकामा होता. टँकर आलाच नव्हता. आणि दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते.

मी दुसऱ्या औषधाचा थेंब टाकला होता. ते औषध पाण्यात चुना फार झाला तरच गुलाबी होतं, एरवी रंगच दाखवत नाही. तबकडीत सुंदर गुलाबी थेंब होता. लग्नाच्या पत्रिकेवर असतो तसा. ती तबकडीकडे बघत राहिली, मग टाकीकडे, मग वहिनींच्या डबीकडे. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या संसारात जितक्यांदा वाटलं, त्यातली ही एक वेळ.

नेमके त्याच वेळी दारात मामा उभे. सकाळची गाडी उशिरा आली होती. खांद्यावर भाकरीचं गाठोडं, दोन हातांत दोन तांबे. त्यांनी आम्हा दोघांची तोंडं पाहिली, मग टाकी.

"काय केलं?"

मी सगळं सांगितलं. ॲसिड, चुना, टँकर. बदलायला घरात पाणी नाही, माठात पिण्यापुरतं आहे तेही तेच मचूळ. मी आकडेही सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

त्यांनी लेकीला पातेलं मागितलं. तिनं लग्नात आलेलं स्टीलचं मोठं पातेलं आणलं. त्यांनी टाकीतलं थोडं पाणी त्यात घेतलं, दोन्ही मासे ओंजळीनं, अगदी हळू, त्यात सोडले. मग एक तांब्या मांडीवर घेऊन झाकण फिरवलं. कुरकुर. मी म्हणालो, ओता मामा, लवकर ओता. ते म्हणाले, "रोपाला पानी असं बदाबदा घालत्यात व्हय?" त्यांनी झाकणात पाणी घेतलं, पातेल्याच्या कडेनं सोडलं. थांबले. पुन्हा झाकणभर. थांबले. आम्ही दोघं खाली बसून बघत होतो. त्यांना कसलीच घाई नव्हती. माझ्या डोळ्यांवर झापड येत होती आणि मला लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदम आल्या की माणूस काही करू शकत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सोयीचं वाटलं.

एक तांब्या संपायला दोन तास लागले. मी मध्ये एकदा तबकडीकडे हात नेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागं घेतला.

दुपारचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. एक मासा, मोठा, कडेला लवंडला. बायकोनं त्याला बोटानं सरळ करून पाहिलं. तो गेला. ती उठली नाही. दुसरा तळाशी गेला होता, पण उभा होता, कल्ले हलत होते. मामांनी दुसऱ्या तांब्याचं झाकण फिरवलं.

तेव्हा ती म्हणाली, "आबा, तो राहू द्या. ते तुमचं प्यायचं आहे."

ते म्हणाले, "व्हय."

आणि झाकणात पाणी घेऊन कडेनं सोडलं.

दुसराही तांब्या त्यांनी तसाच रिता केला. भाकरी खाल्ली नाही, कारण भाकरीवर पाणी लागतं. त्यांचे ओठ सुकलेले दिसत होते. ते मधूनमधून जीभ फिरवायचे. साडेतीन-चारच्या सुमाराला पातेल्यातला मासा तळ सोडून मध्यावर आला आणि उभा राहिला, पुण्याच्या दुकानात उभा होता तसा. मामांनी तांबे उलटे करून बघितले. एक थेंब पडला, तोही पातेल्यात.

मी म्हणालो, की संध्याकाळच्या गाडीला अजून दोन तास आहेत, तोवर वाटेत कुठं उसाचा रस... मग आठवलं, की ऊसच नाही.

त्यांच्यासमोर सकाळपासून तो पेला होता. ते आल्याबरोबर, त्या गडबडीतही, तिनं सवयीनं ठेवलेला, त्यांनी सवयीनं बोटं लावून सरकवलेला. दिवसभर त्यात धूळ बसली होती. त्यांनी तो उचलला, दारातून कढीपत्त्याच्या झाडाला पाणी ओतलं, आणि रिकामा पेला तिच्यासमोर धरला.

"माजं पानी तुज्या माश्यानं पिलं," ते म्हणाले. "आता तुजं मला दे."

ती माठाकडे गेली. पाणी काढायचं ओगराळं माठाच्या काठाला लागल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जास्त वेळा. पेला इतका भरून आणला, की चालताना तिच्या हातावर सांडत होता, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाणी सांडू देणं म्हणजे मोठी गोष्ट होती. त्यांनी तोंडाला लावून एका दमात सगळं प्यायलं. पेला खाली ठेवला. तोंड वेडंवाकडं केलं.

"लई मचूळ हाय गं."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, आठच्या थोडं वर असतं मामा.

"आसू द्या," ते म्हणाले, आणि पेला परत पुढं केला.

दुसऱ्या पेल्याबरोबर तिनं त्यांचं गाठोडं सोडून ताटात भाकरी ठेवली, आपल्या घरचं तिखट ठेवलं. तेही त्यांनी खाल्लं. शेजारच्या वहिनी चुन्याची डबी परत न्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. ते जेवत होते. बायकोनं डबी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "आबा जेवताहेत, मग बसायला या."

मी टाकी रिकामी केली, वाळू धुतली, गवत काढून ओल्या गोणपाटात ठेवलं. दोन्ही बाटल्या फोडायचा माझा विचार होता. बायकोनं त्या धुऊन त्यांत तेल भरलं. वही कुठं गेली ते मला माहीत नाही. तिला माहीत असावं. तो एकटा एंजल पुढं दोन वर्षं जगला. पाणी आलं तसं आलं, निळं तर निळं; तो त्यालाच रुळला. मी टाकीपाशी गेलो की मागं कोणीतरी खोकायचं.

मूल व्हायला आम्हाला आणखी चार वर्षं लागली. तोवर मामा येत राहिले. पुढच्या महिन्यात आले तेव्हा हातात एकच तांब्या होता. तिनं पाण्याचा पेला पुढं ठेवला, तो त्यांनी प्यायला. मग तांब्याचं झाकण फिरवलं, कुरकुर करत, आणि झाकणभर पाणी कडेनं सोडायला माशाच्या टाकीशी जाऊन खाली बसले.